सव्वाशे एकर कांदा आणि मे महिन्यातला टँकर: एका गावाच्या पाणी-हिशोबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत येणाऱ्या तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, आणि ओळखू येऊ नये म्हणून क्षेत्र, लोकसंख्या, पाण्याचे आकडे सगळे गोल केलेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खरं ठेवलंय. शिवार साधारण हजार हेक्टर, वस्ती दीड हजार, पाऊस सरासरी साडेचारशे मिलिमीटर, तोही जूनमधे थोडासा शिडकावा आणि मग सगळी भिस्त सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर. मी भूगर्भशास्त्र शिकले, आणि एका छोट्या संस्थेच्या वतीनं 2015 पासून ह्या गावात जातेय. गावात मला ताई म्हणतात, म्हातारी माणसं पोरी म्हणतात.

खडकाबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. वर दोन-चार फूट माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक ज्याच्यात भेगा नि पोकळ्या असतात, आणि त्याखाली अखंड काळा कातळ. पाणी धरून ठेवतो तो वरचा साठ-सत्तर फुटांचा थर, आणि तोसुद्धा नदीकाठच्या वाळूसारखा भरपूर नाही, शंभर लिटर आकाराच्या खडकातनं दोन-तीन लिटर पाणी मिळालं तरी चांगलं समजायचं. म्हणून एका चांगल्या पावसात विहिरी तुडुंब होतात आणि दोन महिने जोरात मोटारी चालल्या की तितक्याच पटकन तळाला जातात. जुन्या लोकांना हे माहीत होतं, त्यांच्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांच्या, बऱ्याचशा 1972 च्या दुष्काळानंतर खोदलेल्या, आणि पिकं ज्वारी, बाजरी, हरभरा, करडई.

2016 आणि 2017 मधे गावात जलसंधारणाचं मोठं काम झालं. डोंगरावर समतल चर, ओढ्याचं खोलीकरण, सहा सिमेंट बंधारे, जुन्या पाझर तलावातला गाळ काढून शेतात टाकला. लोकांनी उन्हाळ्यात पहाटे उठून श्रमदान केलं, मीही केलं, आणि 2017 च्या सप्टेंबरात बंधारे भरून वाहिले तेव्हा बायकांनी ओटी भरून पाण्याची पूजा केली, ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरनं अजून जात नाही. आपण जिंकलो असंच वाटलं होतं सगळ्यांना. मलासुद्धा.

अडचण कशी उभी राहिली

विहिरींना पाणी दिसलं आणि लोकांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. ओढ्याकाठी तीन घरांनी मिळून वीस एकर ऊस लावला, उन्हाळ कांदा सव्वाशे एकरावर गेला, डाळिंब पंच्याहत्तर एकर झालं. डाळिंबाला उन्हाळ्यात पाणी लागतं म्हणून प्लास्टिकचा कागद टाकून शेततळी झाली, दोन वर्षांत पंचवीसेक. सरकारी कागदावर शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची जागा. आमच्याकडे नव्वद टक्के तळी विहिरीतनं आणि बोअरमधनं मोटर लावून भरली जायची, म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उपसून वर उन्हात ठेवायचं.

2018 ला पाऊस गेला. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या 151 तालुक्यांमधे दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा होता. जानेवारीत विहिरी तळाला, फेब्रुवारीत टँकर सुरू, तो जूनअखेरपर्यंत पाच महिने. त्या एका वर्षात गावात साठावर नवी बोअर मारली गेली, जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगणारा पाणाड्या हातात नारळ घेऊन शिवारभर फिरत होता, तीनशे फूट, चारशे फूट, पाचशे फूट, निम्म्यांहून जास्त बोअरमधनं नुसती धूळ निघाली आणि त्या धुळीचे पैसे कर्ज काढून दिलेले होते.

मे 2019 मधली एक दुपार आहे. देवळासमोर टँकर उभा, त्याच्यामागं हंड्यांची रांग, आणि तिथनं दोन शेतं ओलांडली की एका दादांचं शेततळं काठोकाठ भरलेलं. मला त्या दिवशी खूप राग आला, खोटं कशाला बोलू. घरी येऊन हिशोब केला. तळं 30 बाय 30 मीटरचं, म्हणजे 900 चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग. मे महिन्यात आमच्याकडे दिवसाला 8 मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. 900 गुणिले 8, म्हणजे रोज 7,200 लिटर हवेत. अशी बारा भरलेली तळी धरली तर रोज 86 हजार लिटर, आणि दीड हजार माणसांना माणशी 55 लिटरनं दिवसाला लागतं साडेब्याऐंशी हजार. बारा तळ्यांतनं जेवढं नुसतं उडून जातं तेवढ्यात अख्खं गाव दिवस काढतं.

पण दादांची बाजूही तितकीच खरी होती. पाच वर्षं जपलेली डाळिंबाची झाडं, बँकेचं कर्ज, पाणी साठवलं नाही तर झाडं वाळणार, आणि ते म्हणाले, मी नाय उपसलं तर बांधाशेजारचा उपसणारच हाय ताई, मग माझंच का जाऊ देऊ. त्यांच्या जागी मी असते तर मीही तळं भरलं असतं. एकेकट्यासाठी जे शहाणपणाचं होतं तेच सगळ्यांनी मिळून केलं की गाव कोरडं पडत होतं, आणि ही गाठ पाणी अडवून सुटणारी नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

2019 च्या पावसाळ्याआधी गावात चर्चा सुरू झाली. पहिला पर्याय आणखी खोल बोअर. त्याला मी स्पष्ट विरोध केला, कारण कातळाच्या खालच्या भेगांमधे जे थोडं पाणी असतं ते भरायला किती वर्षं लागतात ते सांगता येत नाही, आणि वरच्या थराला भोक पाडून खाली गेलं की शेजारच्या जुन्या विहिरीचं पाणीही कधीकधी खाली उतरतं.

दुसरा, आणखी बंधारे. हा सगळ्यांना आवडणारा पर्याय, कुणाचं काही जात नाही, कुणाला काही सोडावं लागत नाही. पण ओढ्यात सहा बंधारे आधीच होते आणि 2018 मधे ते भरलेच नव्हते, आणखी चार बांधले असते तर दहा रिकामे राहिले असते. तिसरा, लांबच्या धरणातनं पाइपलाइन. निवडणुकीच्या वेळी हा निघतोच, पण त्याला पैसा किती आणि वीजबिल कुणी भरायचं यावर चर्चा कधी पुढं गेली नाही.

चौथा पर्याय कायद्याचा. 1993 च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई होती, आणि 2009 चा भूजल कायदा, जो 2014 पासून लागू झाला, तो तर 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनाची भाषा करतो. काही तरुण म्हणत होते की सरळ तक्रारी करू. मी तेव्हा थांबवलं. गावात तीन पार्ट्या, तक्रार झाली की ती पाण्याची न राहता पार्टीची होते, हे मी दुसऱ्या एका गावात बघितलं होतं. आज मागं वळून बघताना हा निर्णय पूर्ण बरोबर होता असं मला वाटत नाही, त्याबद्दल पुढं लिहिते.

पाचवा पर्याय म्हणजे आपला आपण हिशोब मांडायचा, पाऊस किती पडला, किती मुरलं, त्यातनं आधी पिण्याचं बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. जानेवारी 2020 मधे पंचवीस जण हिवरे बाजारला जाऊन आले. तिथं पोपटराव पवारांच्या गावात सिंचनासाठी बोअरला बंदी, ऊस नाही, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद, हे सगळं लोकांनी डोळ्यांनी बघितलं. परतीच्या गाडीत मात्र सूर असा की तिथं एक माणूस तीस वर्षं मागं लागला म्हणून झालं, आपल्याकडे कोण? खरा प्रश्न होता तो. आम्ही ठरवलं की माणूस नसला तर आकडा पुढं करायचा, आकड्याला पार्टी नसते.

हिशोब मांडताना

मार्च 2020 मधे कोरोना आला आणि ग्रामसभा बंद झाल्या. पण लॉकडाउनमधे पुण्याहून परत आलेली आठ-दहा पोरं गावात मोकळी होती, आणि त्यांनी जे काम केलं ते आम्हाला एरवी दोन वर्षांत जमलं नसतं. प्रत्येक विहीर, प्रत्येक बोअर, खोली किती, मोटर किती एचपीची, कुठलं पीक भिजतं, सगळं वहीत. 140 विहिरी, 110 बोअर, त्यातली निम्मी बंद. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. बारा विहिरी निवडल्या, शिवाराच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातल्या, आणि दर पंधरा दिवसांनी टेप सोडून पातळी मोजायची. काही म्हातारी माणसं खोली अजून परस ह्या जुन्या मापात सांगायची, दोन परस पाणी हाय, मग पोरं त्याचे फूट करून लिहायची.

ऑक्टोबर 2021 मधे पहिली सभा. इथं मी एक मोठी चूक केली. मी प्रोजेक्टर लावून जगापासून सुरुवात केली, की पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात गोडं पाणी अडीच टक्के, त्यातलंही दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, जगभरात माणूस नद्या-तलाव-जमिनीतनं जेवढं गोडं पाणी काढतो त्यातलं साधारण 70 टक्के शेतीला जातं, आणि जमिनीखालचं पाणी उपसण्यात भारत जगात पहिला, वर्षाला सुमारे 240 अब्ज घनमीटर, चीन आणि अमेरिका दोघं मिळून काढतात त्याहून जास्त. सगळं खरं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पण पंधरा मिनिटांत अर्धी सभा उठून तंबाखू मळायला बाहेर गेली. शेवटी एक आण्णा म्हणाले, पोरी, जगाचं कळलं, आपल्यात किती आलं नि किती गेलं ते सांग की.

मग फळ्यावर खडूनं मांडलं. हजार हेक्टरवर साडेचारशे मिलिमीटर, म्हणजे 450 कोटी लिटर पाऊस. त्यातला निम्म्याहून जास्त उन्हानं आणि झाडाझुडपांनी उडून जातो, काही ओढ्यानं वाहून जातो, काही मातीत ओल म्हणून राहतो. विहिरींपर्यंत मुरतं ते आमच्या खडकात साधारण दहा टक्के, 45 कोटी. बंधारे आणि तलावानं वाढतं ते दहा कोटी धरू. जमा 55.

आता खर्च. माणसांना वर्षाला तीन कोटी, जनावरांना अडीच. ऊस एकरी 80 लाख लिटर, वीस एकराचे 16 कोटी. कांदा एकरी 24 लाख, सव्वाशे एकराचे 30. डाळिंब 18. गहू, भाजीपाला, चारा मिळून साडेआठ. एकूण 78. जमा 55, खर्च 78, तूट 23.

सभा गप्प झाली ती ह्या आकड्यानं नाही. आण्णांनीच बोटं मोजत विचारलं, माणसांना तीन कोटी म्हणजे किती एकर उसाचं पाणी? पावणेचार एकर. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिणं, धुणं, आंघोळ, सणसमारंभ, सगळं मिळून पावणेचार एकर ऊस. त्या क्षणी मला कळलं की हा हिशोब लिटरमधे सांगायचाच नसतो.

आणि मग मागं बसलेल्या बचत गटातल्या एक ताई उभ्या राहिल्या. त्यांना जमीन नाही, मजुरी करतात. म्हणाल्या, विहीर ज्याची त्याचं पाणी, मग ह्या मीटिंगला आमास्नी कशाला बोलावलं? मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे ब्रिटिश काळापासून जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं असंच धरलं गेलंय, ज्याच्याकडे रान नाही त्याचा त्या पाण्यावर कागदावर हक्कच नाही, पण विहीर आटली की पहिल्यांदा हंडा घेऊन निघायचं तिनंच. एवढे महिने मी विहीरमालकांच्याच याद्या करत बसले होते.

काय ठरलं आणि कसं

ठराव एका रात्रीत झाला नाही, सहा बैठका लागल्या आणि त्यातल्या दोन भांडणानं मोडल्या.

ऊस उपटा असं कुणी म्हणायचं नाही हे आधी ठरलं. उभा ऊस कारखान्याला जाऊ दे, पण तोडणीनंतर बुडख्यातनं फुटणारं पुढचं पीक, म्हणजे खोडवा, ठेवायचा नाही. तिन्ही घरांना तोंड लपवावं लागू नये असा तो मार्ग होता, आणि सरपंच ताईंनी तो सुचवला, मी नाही.

कांद्यावर सगळ्यात जास्त वाद. एक सूचना होती की प्रत्येकानं सरसकट पंचवीस टक्के कमी लावायचा. ऐकायला न्याय्य वाटतं, पण ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याचं पोरीचं लग्न त्या एकरावर असतं, आणि ज्याच्याकडे आठ एकर आहे त्याला दोन एकर सोडून फरक पडत नाही. शेवटी ठरलं की प्रत्येक घराच्या पहिल्या एकराला हात लावायचा नाही, कपात त्याच्या वरच्या क्षेत्राला. लक्ष्य सव्वाशेवरनं नव्वद एकर. उरलेल्या पस्तीस एकरात दोनदाच पाणी द्यावं लागणारा हरभरा, उसाच्या जागी ज्वारी, ती कडब्याला पण होते. ऊस गेला की 16 कोटी वाचतात, कांद्यातले साडेआठच्या आसपास, हरभरा-ज्वारीला अडीच लागतात, म्हणजे 23 च्या तुटीतली 22 भरून निघते. कागदावर.

डाळिंबाला वेगळा पेच होता. फुलं-फळं वर्षाच्या कुठल्या हंगामात धरायची त्याला बहार म्हणतात. आंबे बहार धरला की फेब्रुवारी ते मे झाडाला भरपूर पाणी लागतं. मृग बहार धरला तर पावसाच्या पाण्यावर बरंच भागतं, पण पावसाळी हवेत तेल्या हा रोग येतो आणि बाग हातची जाते. मी मृग बहाराचा आग्रह धरला नाही, कारण तेल्यानं बाग गेलेली दोन घरं समोर बसली होती. मध्यम मार्ग म्हणून काहींनी सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार धरला, सगळ्यांनी खोडाशी पाचट अंथरायचं ठरवलं, आणि तळी फक्त डिसेंबरअखेरपर्यंत भरायची, जानेवारीनंतर बोअरचं पाणी तळ्यात टाकायचं नाही.

पिण्यासाठी खालच्या बाजूच्या दोन चांगल्या विहिरी ग्रामपंचायतीनं आधीच ठरवून घेतल्या, मालकांना वर्षाचे पैसे देऊन. एरवी अधिग्रहण एप्रिलमधे होतं, जेव्हा विहिरीत उरलेलं काहीच नसतं.

आणि त्या ताईंच्या प्रश्नातनं एक गोष्ट निघाली जी मला सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली वाटते. पाझर तलावातली मासेमारी बिनजमिनीच्या बायकांच्या गटाला दिली. मासे वाढायला तलावात पाणी टिकायला पाहिजे, म्हणजे तलावात थेट मोटर टाकून पाणी ओढणाऱ्यावर लक्ष ठेवायला आता बारा बायका होत्या ज्यांचं पोट त्या पाण्यावर होतं. त्याआधी दर वर्षी ठराव व्हायचा की तलावात मोटर टाकायची नाही आणि दर वर्षी पाच-सहा मोटारी असायच्याच, त्या वर्षी एक पडली आणि दुसऱ्या दिवशी निघाली.

मग काय झालं

पहिल्या वर्षी, 2021-22 मधे, कांदा नव्वदवर आला नाही, शंभराच्या थोडा वर राहिला. दोन घरांनी खोडवा ठेवला. रात्रीची लाइट असली की कुणाची मोटर किती चालली ते कळत नाही, आणि तळी जानेवारीनंतर रात्रीच भरली जातात. तरी बारा विहिरींपैकी आठांत मार्चची पातळी आधीच्या वर्षापेक्षा वर होती, आणि ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर दर पंधरवड्याला लिहिलं जात होतं, लोक येता-जाता थांबून बघायचे.

2022 ला पाऊस भरपूर झाला, सातशेच्या पुढं. ऑक्टोबरच्या सभेत सगळेच म्हणाले, औंदा पाणी आहे तर कशाला बंधनं. मी बोलले नाही. एक वर्ष लोकांनी ऐकलं, आता जरा मोकळं सोडावं असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर लोकांना नको असलेली गोष्ट परत परत सांगून मी दमले होते. ठराव एक वर्षापुरता स्थगित. कांदा दीडशे एकरावर गेला, दोन नवे ऊस लागले, सात नवी तळी झाली. जमिनीत जे जास्तीचं मुरलं होतं ते मेपर्यंत वर काढून झालं होतं.

2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. गावात तीनशेपेक्षा कमी मिलिमीटर पडला. पाऊस एक तृतीयांश कमी झाला म्हणजे मुरणंही तेवढंच कमी होतं असं नसतं, आधीची कोरडी माती पहिलं पाणी पिऊन टाकते, विहिरीला उरलंसुरलं मिळतं. आमचा अंदाज बंधारे धरून 28 कोटी निघाला. माणसं-जनावरं साडेपाच, डाळिंबाची झाडं फळ न धरता नुसती जगवायला दहा, हरभरा-ज्वारीला तीन, राहिलं ते चाळीस एकर कांद्याचं. सभा चार तास चालली. पहिल्या एकराला हात लावायचा नाही हा नियम आता लागू होत नव्हता, कारण घरं जास्त आणि एकर कमी. अर्ध्या एकरावर तडजोड झाली. प्रत्यक्षात साठेक एकर लागला.

8 डिसेंबरला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. ज्यांनी अर्धाच एकर लावला होता त्यांचं नुकसान कमी झालं आणि काही जण मला म्हणाले, ताई, बरं झालं ऐकलं. त्याचं श्रेय पाण्याच्या हिशोबाला नाही, तो योगायोग होता, आणि भाव चढला असता तर त्याच लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या. पण ह्यातनं एक गोष्ट मला नीट दिसली. आमचा एक एकर कांदा बाहेर जातो तेव्हा 24 लाख लिटर पाण्याचा भार उचलून जातो, टोनी अ‍ॅलन नावाच्या संशोधकांनी ह्यालाच आभासी पाणी म्हटलं आणि त्या कामासाठी त्यांना 2008 चा स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळाला. त्या पाण्याची किंमत कांद्याच्या भावात कधीच धरलेली नसते, भाव पडला तर नाहीच, पण चढला तरी नसते.

2019 ला टँकर फेब्रुवारीत आला आणि पाच महिने चालला. 2024 ला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि सात आठवडे चालला. दोन्ही टँकरांआधीचा, म्हणजे 2018 आणि 2023 चा, पाऊस जवळपास सारखा होता, पण 2023 च्या आधीचं वर्ष चांगलं होतं, त्यामुळं फरक सगळा आमच्या ठरावाचा असं मी म्हणणार नाही. राखून ठेवलेल्या दोन विहिरींनी मार्च आणि एप्रिल काढला हे मात्र नक्की, ते मी टेप सोडून स्वतः मोजलंय. दादांची चौथा हिस्सा झाडं वाळली. त्यांनी जानेवारीनंतर तळं भरलं नव्हतं, शब्द पाळला होता, आणि त्यांच्या शेजारच्या एकानं पाळला नव्हता आणि त्याची बाग वाचली. ह्याचं काय करायचं हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही. सरपंच ताई त्यांच्या घरी जाऊन बसल्या, मीही गेले. दादा एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी मी ऐकीन का नाय ते आत्ता इचारू नका.

आज परत करायचं झालं तर

2022 ची सभा ही सगळ्यात मोठी चूक. जास्त पावसाच्या वर्षी बंधन सोडायचं नसतं, त्याच वर्षी ते सगळ्यात स्वस्त पडतं, कारण कुणाचं पोट त्यात अडकलेलं नसतं. पण थोडं मोकळं सोडण्याची जागाही ठरावातच आधी लिहून ठेवायला हवी होती, म्हणजे सहाशेच्या वर पाऊस झाला तर दहा-वीस एकर जास्त, असं. नियम ताठ असला की लोक तो एकदम मोडतात.

नियम पाळणाऱ्याचं नुकसान झालं तर गाव त्याला काय देणार हे आम्ही विचारातच घेतलं नव्हतं. दादांच्या बाबतीत गावानं एक टँकर त्यांच्या बागेला द्यायला हवा होता, हे आज वाटतं. आणि मोडणाऱ्याचं काय, इथं मला कायद्याबद्दलचा माझा जुना निर्णय खटकतो. तक्रार करायची नाही एवढंच ठरवलं, पण गरज पडली तर कोण, कुठल्या टप्प्यावर, कुणाकडे जाणार हे ठरवलं नाही, त्यामुळं मोडणाऱ्याला माहीत होतं की काही होणार नाही.

हरभऱ्याच्या खरेदीची सोय आधी करायला हवी होती. कांदा कमी लावा असं सांगणं सोपं, त्या जागच्या पिकाला भाव कोण देणार ते सांगितल्याशिवाय सांगू नये. आणि सुरुवात विहीरमालकांच्या यादीपासून न करता हंडा घेऊन निघणाऱ्यांपासून करायला हवी होती, हिशोबात घरचं पाणी आम्ही 55 लिटरनं धरलं, पण प्रत्यक्षात कुठल्या वस्तीला किती मिळतं हे 2023 पर्यंत मोजलंच नव्हतं.

आता सोलर पंप आलेत. बिल नाही, रात्रीची जागरणं नाहीत, शेतकऱ्याला फार मोठा आधार आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण ऊन आहे तोपर्यंत पंप चालतो, आणि फुकट चालणारा पंप कुणी बंद करत नाही. पाणी मोजायचं असेल तर ह्या पंपांपासून सुरुवात करावी लागेल, त्यांच्यात मीटर बसवता येतो.

मार्च 2024 मधे ओढ्याच्या खालच्या गावातले पाच जण आले. त्यांचं म्हणणं साधं होतं, तुमचे सहा बंधारे झाल्यापासून आमचा ओढा संक्रांतीलाच आटतो, आधी होळीपर्यंत वाहायचा. आमच्या फळ्यावर ते गाव कुठंच नव्हतं, ओढ्यानं वाहून जाणारं पाणी आम्ही वाया गेलं असं लिहीत होतो आणि ते त्यांचं होतं. ऑक्टोबर 2024 पासून त्यांच्याकडच्या सहा विहिरीही मोजायला घेतल्यात, त्यांची दोन पोरं आणि आमची दोन, एकच वही. वरच्या दोन बंधाऱ्यांच्या पाणी अडवायच्या फळ्या नोव्हेंबरपर्यंत टाकायच्या नाहीत अशी त्यांची मागणी आहे. आमच्या ग्रामसभेत ती दोनदा मांडली, दोन्ही वेळा निर्णय झाला नाही, तिसऱ्यांदा मांडायची आहे, आणि ह्या वेळी खालच्या गावातल्या बायकांनाही सभेला बोलवायचं असं आमच्या मासेमारी गटातल्या ताईंनी सांगितलंय.